गेर्न्सहाइमला नोव्हेंबरपुरता ठेवू नका : राइनकाठच्या कॉन्सर्ट समित्यांना खुले पत्र

प्रति,
राइनकाठच्या शहरांमधल्या वाद्यवृंदांचे कार्यक्रम ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

पुढच्या सीझनची छापील कार्यक्रमपत्रिका नुकतीच घरी आली. मसुद्यात असलेली, एकोणिसाव्या शतकातला जर्मन ज्यू संगीतकार फ्रीडरिश गेर्न्सहाइम याची तिसरी सिम्फनी तिच्यात नाही. त्या जागी ब्राम्सची पहिली सिम्फनी आहे. गेर्न्सहाइमचे नाव अगदीच गाळलेले नाही, हे खरे. ज्यूंवरच्या नाझी अत्याचारांच्या आठवणीसाठी नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या स्मृतिसंध्येच्या पानावर, दोन भाषणांच्या मध्ये, त्याची एक छोटी रचना ठेवली आहे. कारण विचारले तेव्हा समितीकडून उत्तर आले, की हे नाव कुणाला ठाऊक नाही, नेहमीच्या श्रोत्यांना ते रुचणार नाही, आणि तसाही हा संगीतकार स्मृतिदिनालाच जास्त योग्य वाटतो.

या उत्तरातले शेवटचे वाक्य वाचून मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. जर्मन प्रत समितीच्या कार्यालयात रीतसर दिली आहे. मराठीत ते इथे देते आहे, कारण लुडविग्सहाफेन, मानहाइम, हायडेलबर्ग, वाल्डॉर्फ या पट्ट्यात रसायनांच्या आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्यांमुळे मराठी घरे आता बरीच झाली आहेत. आपली मुले इथल्या संगीतशाळांत व्हायोलिन-चेलो शिकतात. आपण तिकिटे काढतो, वर्षाची वर्गणी भरतो, काही जण माझ्यासारखे हौशी वाद्यवृंदात वाजवतातही. या वाद्यवृंदांना जे अनुदान मिळते ते सगळ्यांच्या करातून मिळते, आणि त्या करात आपलाही वाटा आहे. तेव्हा ‘हे त्यांचे त्यांनी बघावे, आपण पडलो पाहुणे’ असे म्हणून बाजूला होता येणार नाही.

मी मूळची मिरजेची. व्हायोलिन आधी मांडी घालून, तंबोऱ्याच्या साथीने शिकले. इथे आल्यावर खुर्चीवर बसून, समोर स्टँडवर कागद ठेवून वाजवायला लागले. आमच्या हौशी वाद्यवृंदात मी दुसऱ्या व्हायोलिनच्या मागच्या रांगेत असते. गेर्न्सहाइम मला भेटला तो तिथेच. आमच्यातल्या चौघांनी त्याचा दुसरा पियानो क्वार्टेट वाजवायला घेतला, ऑपस (रचनाक्रमांक) २०, सी मायनरमधला. जुन्या छापील प्रतीचे स्कॅन आम्ही उतरवून घेतले होते. माझ्या पानाची उलटायची जागा नेमकी अशा ठिकाणी, की दोन्ही हात गुंतलेले. शेवटी पुढच्या पानावरच्या चार ओळी झेरॉक्स करून, कापून, चिकटपट्टीने या पानाखाली जोडल्या. मूळ प्रतीवर कुणीतरी पेन्सिलीने गजाच्या खुणा केलेल्या होत्या, उतरता गज, चढता गज, एका जागी दोनदा अधोरेखित. म्हणजे हा कागद कधीकाळी कुणाच्या तरी तालमीत स्टँडवर होता. कुणीतरी या जागेवर अडखळले होते, आणि पुन्हा अडखळू नये म्हणून खूण करून ठेवली होती. त्या खुणा आम्ही जशाच्या तशा पाळल्या आणि ती जागा खरोखरच सुटली.

आमच्या घरगुती बैठकीत तो क्वार्टेट ऐकून एक वयस्कर शेजारी उठून आमच्याजवळ आले. जन्म या भागातला, आयुष्यभर कॉन्सर्टना जाणारे. हे कुणाचे, असे त्यांनी विचारले. नाव सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हा माणूस इथून तासाभराच्या अंतरावर जन्मला आणि मला त्याचे नाव सत्तरी उलटल्यावर एका भारतीय बाईकडून कळावे? त्यांच्या आवाजात राग होता. तो राग मला योग्य वाटतो.

हा माणूस कोण होता, हे आधी सांगते, कारण मराठी वाचकांतल्या बहुतेकांना ते नाव नवे असेल. इंटरनेटवर शोधले तर आधी याच नावाचे, राइनच्या पलीकडच्या काठावरचे गाव समोर येते.

फ्रीडरिश गेर्न्सहाइमचा जन्म १७ जुलै १८३९ चा, व्होर्म्स शहरातला. घर ज्यू, वडील डॉक्टर, आई पियानो वाजवणारी. पहिले धडे तिचेच. १८४८ च्या उठावांनंतरच्या धामधुमीत कुटुंबाने व्होर्म्स सोडले आणि ते फ्रँकफुर्टला आले. तिथे हा मुलगा अकराव्या वर्षाच्या आसपास लोकांसमोर पियानोही वाजवत होता आणि व्हायोलिनही, आणि स्वतः रचलेले संगीतही सादर करत होता. पुढे लाइपझिगच्या कॉन्झर्व्हेटरीत मोशेलेस, हाउप्टमान, फर्डिनांड डाव्हिड यांच्याकडे शिक्षण झाले. मेंडेल्सनने उभी केलेली ही संस्था, त्याच्याच सहकाऱ्यांच्या हातात होती. मग पाच-सहा वर्षे पॅरिस. तिथे रॉसिनी, सेंट-साँस, लालो यांच्या वर्तुळात त्याची ऊठबस होती.

१८६१ मध्ये तो झारब्रुकेनला संगीत-संचालक झाला, हेरमान लेव्हीच्या जागी. १८६५ मध्ये फर्डिनांड हिलरने त्याला कोलोनच्या कॉन्झर्व्हेटरीत बोलावून घेतले. तिथे त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत एंगेलबर्ट हुम्परडिंक होता. दर ख्रिसमसला जर्मनीतली ऑपेरागृहे ज्याच्या ‘हेन्झेल आणि ग्रेटेल’ने भरतात, तोच हा हुम्परडिंक. १८७४ पासून सोळा वर्षे गेर्न्सहाइम रॉटरडॅमला होता, आणि त्या बंदराच्या शहराचे संगीतजीवन त्याने हाताळले. १८९० मध्ये तो बर्लिनला आला, श्टेर्न कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागला, श्टेर्न गायनमंडळाचे संचालन १९०४ पर्यंत केले. १८९७ मध्ये तो कलाअकादमीच्या सिनेटवर गेला आणि १९०१ पासून तिथे रचनेचा वर्ग चालवला. १९१४ मध्ये, पंचाहत्तरीच्या वर्षी, डॉर्टमुंडने त्याच्या नावाने दोन दिवसांचा महोत्सव भरवला. सप्टेंबर १९१६ मध्ये तो बर्लिनमध्ये वारला. वाइसेन्झेच्या ज्यू दफनभूमीत त्याची कबर आहे.

चार सिम्फनी, पियानो कॉन्चेर्तो, दोन व्हायोलिन कॉन्चेर्तो, एक चेलो कॉन्चेर्तो, पाच स्ट्रिंग क्वार्टेट, तीन पियानो क्वार्टेट, दोन पियानो क्विंटेट, शिवाय गायनवृंदासाठी कितीतरी. हे सगळे नोकरी सांभाळून, म्हणजे दुसऱ्यांच्या रचना बसवून उरलेल्या वेळात लिहिलेले. कंडक्टरच्या नोकरीत सकाळ तालमीत जाते, संध्याकाळ कार्यक्रमात आणि मधला वेळ पत्रव्यवहारात. ब्राम्सचे संगीत अजून सर्वत्र रुळलेले नव्हते तेव्हा ते आपल्या मंचावर आग्रहाने आणणाऱ्यांत गेर्न्सहाइम होता. दोघांची मैत्री होती. आज त्या ब्राम्सच्या नावानेच त्याला पत्रिकेतून बाहेर काढले जाते. ब्राम्सला हे आवडले नसते, असे मला मनापासून वाटते.

आता माझ्या तक्रारी मांडते.

नाव अपरिचित आहे म्हणून वाजवायचे नाही, हे पहिले कारण. पण नाव अपरिचित का आहे? गेर्न्सहाइमचे संगीत लोकांनी ऐकून नाकारले, असे घडलेले नाही. त्याच्या हयातीत ते वाजत होते, छापले जात होते. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर जर्मन मंचावरून ज्यू संगीतकारांची नावे काढण्याचे काम सरकारी पातळीवर हाती घेतले गेले. वादकाला व्यवसाय करायचा तर सरकारी संगीत-मंडळाचे सभासदत्व सक्तीचे झाले आणि ज्यूंना त्यातून वगळले. १९३६ च्या नोव्हेंबरात लाइपझिगच्या गेवांडहाउस या संगीत-सभागृहासमोरचा, ज्यू घरात जन्मलेल्या मेंडेल्सनचा पुतळा हलवला गेला. त्याच वर्षी श्टेर्न कॉन्झर्व्हेटरी तिच्या ज्यू मालकांकडून काढून घेऊन तिचे नाव बदलले गेले. १९४० मध्ये तर संगीतातले ज्यू कोण, हे शोधायला सोपे जावे म्हणून एक कोशच छापला गेला. कार्यक्रम ठरवणाऱ्याने पत्रिका आणि कोश शेजारी ठेवायचे आणि नावे खोडायची.

तुमच्यासारख्याच कार्यालयांत, तुमच्यासारख्याच टेबलांवर ही खोडाखोड झाली. नाझी राजवटीच्या बारा वर्षांत वाजवणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची एक अख्खी पिढी या संगीतावाचून वाढली. मेंडेल्सन परत आला, कारण तो इतका मोठा होता आणि जगात इतरत्र इतका वाजत होता की त्याला परत आणावेच लागले. गेर्न्सहाइमसाठी बाहेरून कुणी हाक मारली नाही. तेव्हा ‘नाव कुणाला ठाऊक नाही’ असे आज म्हणताना ते एका आदेशाचा शिल्लक राहिलेला परिणाम आहे, हे तरी लक्षात घ्या. तुमच्यातल्या कुणाचा हेतू वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण हेतू चांगला असूनही निकाल तोच लागतो, ही माझी तक्रार आहे.

दुसरे कारण तोंडी सांगितले गेले: तो ब्राम्ससारखाच आहे, मग सरळ ब्राम्सच का नको? गेर्न्सहाइमची पहिली सिम्फनी, जी मायनरमधली, १८७५ ची आहे. ब्राम्सची पहिली सिम्फनी कार्ल्सरूअला पहिल्यांदा वाजली ती ४ नोव्हेंबर १८७६ रोजी. जी सिम्फनी अजून कुणी ऐकलेलीच नव्हती तिची नक्कल कोण कशी करील? दोघे एकाच मातीतले, दोघांच्या मागे बीथोव्हेन, शूमान आणि मेंडेल्सन उभे, त्यामुळे बोली सारखी वाटते हे कबूल. पण गेर्न्सहाइमने तरुणपणची वर्षे पॅरिसमध्ये काढली आहेत आणि ते त्याच्या वाद्यांच्या वाटणीत ऐकू येते. लाकडी सुषिर वाद्यांना तो मोकळी जागा देतो, पोत हलका ठेवतो. ब्राम्स जिथे जाड विणतो तिथे हा हवा खेळू देतो. हा माझा कानाचा अनुभव आहे, कुणाला तो पटणार नाही. पण पटो न पटो, ठरवण्यासाठी ऐकायला तर मिळाले पाहिजे.

आणि ‘सारखाच’ हा निकष सगळ्यांना सारखा लावला जात नाही. ब्राम्सची पहिली सिम्फनी या पट्ट्यातल्या सभागृहांत सतत होत असते. मला ती अतिशय प्रिय आहे. मी ती वाजवली आहे, पुढेही वाजवीन. पण आणखी एकदा तीच, हेही सारखेच नव्हे का?

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची आणि हे पत्र खरे तर तिच्यासाठी आहे.

गेर्न्सहाइमला तुम्ही नोव्हेंबरच्या स्मृतिसंध्येत ठेवले आहे. १९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनागृहे (सिनेगॉग) आणि दुकाने जाळली-फोडली गेली, हे या भागात कुणाला सांगावे लागत नाही. व्होर्म्सचे जुने सिनेगॉग त्या वेळीच जाळले गेले. ते १९६१ मध्ये पुन्हा उभे राहिले. या संध्येला मी दरवर्षी जाते आणि जात राहीन. तिचे महत्त्व मी तसूभरही कमी करत नाही.

पण गेर्न्सहाइम १९१६ मध्ये वारला. मानाने, अकादमीचा सभासद म्हणून. त्याचे आयुष्य बळीचे आयुष्य नव्हते. तो ज्यू होता, ज्यूविरोधी वातावरण त्याने नक्की सोसले असेल. संगीतातल्या ज्यूंविरुद्धचा आपला लेख वाग्नरने १८६९ मध्ये स्वतःच्या नावानिशी पुन्हा छापला, तेव्हा गेर्न्सहाइम कोलोनमध्ये शिकवत होता. तरीही तो या देशाच्या संगीताच्या ऐन मध्यभागी जगला. झारब्रुकेनने, कोलोनने, बर्लिनने त्याला मंच दिला आणि त्याने तो गाजवला. गुन्हा घडला तो त्याच्या मागे, त्याच्या संगीताबाबत. आणि तो गुन्हा नेमका हा होता, की त्याला ‘जर्मन संगीत’ या पानावरून उचलून ‘ज्यू’ या वेगळ्या पानावर नेऊन ठेवले. आज तुम्ही त्याला नेहमीच्या सीझनमधून उचलून स्मृतिसंध्येच्या पानावर ठेवता तेव्हा कारण कितीही आदराचे असो, पान तेच वेगळे राहते. श्रोता तिथे डोळे खाली घालून बसतो. तो ऐकतो ती शोककथा, संगीत त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हेही त्याला कळत नाही. एखादा खट्याळ, चपळ भाग आला तर हसू दाबावे लागते. ज्याने ते आनंदाने लिहिले त्याच्यावर हा अन्याय आहे.

तिसऱ्या सिम्फनीचेच बघा. ऑपस ५४, सी मायनरमधली, रॉटरडॅममध्ये असताना १८८० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेली. तिला नाव आहे ‘मिर्याम’. मिर्याम ही मोशेची बहीण. समुद्र दुभंगून लोक पार झाल्यावर खंजिरी हातात घेऊन गाणारी, बायकांना नाचायला पुढे बोलावणारी. ही सुटकेची सिम्फनी आहे, शेवटाला विजयाचे गाणे आहे. हॅंडेलने हाच प्रसंग आपल्या ओरेटोरिओत (बायबलमधल्या कथेवरच्या मोठ्या गायनकृतीत) घेतला, त्याला कुणी स्मृतिदिनाची वाट पाहायला लावत नाही. मिर्यामची खंजिरी शनिवारी संध्याकाळी, भरल्या सभागृहात, मध्यंतरानंतरच्या मुख्य जागेवर ऐकू आली पाहिजे.

दुसरे उदाहरण चेलोचे. माक्स ब्रुखची ‘कोल निद्रे’ तुम्हा सर्वांना पाठ असेल. ब्रुख प्रोटेस्टंट. ज्यू प्रार्थनेच्या सुरावटीवर त्याने चेलोसाठी लिहिले, १८८१ मध्ये ते छापले गेले, आणि जगातला प्रत्येक चेलिस्ट ते वाजवतो. छान रचना आहे. गेर्न्सहाइमने, जो स्वतः ज्यू घरात वाढला, त्याच सुमारास चेलोसाठी ‘एलोहेनू’ लिहिली. ब्रुखची रचना वर्षभर कुठल्याही कार्यक्रमात चालते आणि गेर्न्सहाइमची फक्त नोव्हेंबरमध्ये, याचा खुलासा मला कुणी करावा. आमच्या वाद्यवृंदातल्या एका मुलीने, सोळा-सतरा वर्षांची असेल, या दोन्ही शेजारी-शेजारी वाजवायचे मनात धरले होते. तिला सांगितले गेले की दुसरी ‘विषयाला धरून’ असलेल्या कार्यक्रमासाठी ठेवू. तिने विचारले, कुठला विषय? तिला उत्तर मिळाले नाही.

तिकिटांबद्दल थोडेच बोलते. सगळा कार्यक्रम अपरिचित ठेवा असे कुणीही म्हणत नाही. चेलो कॉन्चेर्तो, ऑपस ७८, जेमतेम पंधरा मिनिटांचा आहे. पहिल्या अर्ध्यात तो, दुसऱ्या अर्ध्यात हवा तर ब्राम्सच. कोण परत जाईल? तिसऱ्या सिम्फनीला ब्राम्सपेक्षा फार मोठा वाद्यमेळ लागत नाही. संगीतकाराला जाऊन शंभर वर्षे उलटली, त्यामुळे हक्कांचे पैसे कुणाला द्यायचे नाहीत. त्याच्या बहुतेक रचनांची छापील नोटेशन्स स्कॅन होऊन सर्वांना खुली आहेत. सुटी पाने जुळवायला मेहनत लागते, ती आम्ही हौशी लोकांनी चिकटपट्टी लावून केली, तर पगारी ग्रंथपाल असलेल्या संस्थांना अशक्य नाही. याच राज्याच्या, राइनलँड-पॅलेटिनेटच्या फिलहार्मोनिकने झिगफ्रीड क्योलरच्या संचालनाखाली १९९० च्या दशकात चारही सिम्फनी ध्वनिमुद्रित केल्या. चेलो कॉन्चेर्तो आल्बान गेरहार्टने बर्लिनच्या रेडिओ वाद्यवृंदाबरोबर मुद्रित केला आहे. म्हणजे वाजवता येते, वाजवले गेले आहे, आणि कुठल्याही समितीला घरबसल्या ऐकता येते.

यावर समितीतल्या एका सदस्यांनी मला सांगितले, की ध्वनिमुद्रण आहेच, मग हव्या त्यांनी घरी ऐकावे. मिरजेत वाढलेल्या माणसाला हे पटणे कठीण. बंदिश वहीत उतरवून ठेवली, टेपवर घेतली, म्हणून ती जगते असे आमच्याकडे कुणी मानत नाही. ती गळ्यात असावी लागते, शागिर्दाला दिली जावी लागते, मैफलीत कुणी तरी ती मांडावी आणि समोरच्याने मान हलवावी लागते. सिम्फनी मुद्रित करून एका कपाटात ठेवली की कर्तव्य संपले, असे तिच्या बाबतीतही नाही. वादकांच्या हातांना ती वळणे ठाऊक झाली पाहिजेत. आमच्या दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांना ब्राम्सच्या अवघड जागा झोपेतही आठवतात, कारण त्या आधीच्या वादकांनी आम्हांला दाखवल्या. गेर्न्सहाइमच्या अवघड जागा दाखवणारे कुणी उरले नाही. ती पेन्सिलीची खूण करणारा हात कुणाचा होता, तो पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. पण ती साखळी तुटली आहे आणि ती ध्वनिमुद्रणाने जोडली जाणार नाही.

एक गोष्ट या प्रदेशातल्या नगरपालिकांना आणि राज्य सरकारलाही उद्देशून. २०२१ मध्ये श्पायर, व्होर्म्स आणि माइन्त्स या तीन शहरांतल्या मध्ययुगीन ज्यू वारशाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेव्हा सगळीकडे फलक लागले, आजही लागलेले आहेत. व्होर्म्सची ती जुनी दफनभूमी, सिनेगॉग, विधिस्नानाचे कुंड पाहायला माणसे लांबून येतात. माझ्याकडे भारतातून कुणी आले की मीही त्यांना घेऊन जाते. हा गौरव योग्यच आहे. पण अकराव्या-बाराव्या शतकातल्या दगडांचा अभिमान आणि एकोणिसाव्या शतकात त्याच शहरात जन्मलेल्या माणसाच्या संगीताबद्दल उदासीनता, या दोन गोष्टी एकत्र नांदू नयेत. दगडांना डागडुजीचा निधी मिळतो. सिम्फनीला लागते ती दोन आठवड्यांची तालीम आणि एक संध्याकाळ.

तेव्हा माझ्या मागण्या अशा:

गेर्न्सहाइमची तिसरी सिम्फनी येत्या सीझनमध्ये बसत नसेल तर त्याच्या पुढच्या सीझनमध्ये घ्यावी, नेहमीच्या वर्गणीदारांच्या कॉन्सर्टमध्ये, मुख्य रचना म्हणून. तारीख आत्ताच जाहीर करावी.

स्मृतिसंध्येत त्याची रचना ठेवायची तर जरूर ठेवावी, पण नेहमीच्या कार्यक्रमात त्याला जागा दिल्यानंतर. त्या जागेऐवजी नाही.

कार्यक्रमपुस्तिकेत त्याच्याविषयी लिहिताना आधी त्याचे संगीत, त्याची शहरे, त्याचे विद्यार्थी यांबद्दल लिहावे. १९३३ नंतर काय झाले तेही स्पष्ट लिहावे, ‘पुढे विस्मृतीत गेला’ असे मोघम लिहू नये. तो आपोआप विस्मृतीत गेलेला नाही.

अनुदानावर चालणाऱ्या संगीतशाळांनी त्याचे पियानो क्वार्टेट आणि स्ट्रिंग क्वार्टेट वरच्या वर्गातल्या मुलांना द्यावेत. यासाठी लागणारी सुटी पाने नीट मांडून, पाने उलटायच्या जागा सोयीच्या करून द्यायला आमचा गट तयार आहे. मोबदला नको.

आणि त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला ‘कोल निद्रे’ आणि ‘एलोहेनू’ एकाच संध्याकाळी वाजवू द्यावे. मे महिना असो की जून, विषय काही असो.

मराठी वाचकांना एवढीच विनंती, की वर्गणीचे नूतनीकरण करताना फॉर्मच्या तळाशी सूचनांची जी मोकळी ओळ असते, तिच्यात गेर्न्सहाइमचे नाव लिहा. या ओळी समितीसमोर वाचल्या जातात, हे मला कार्यालयातूनच कळले आहे. तिकीट खपणार नाही या भीतीला याहून सरळ उत्तर नाही. मुले चेलो शिकत असतील तर त्यांच्या शिक्षकांना ‘एलोहेनू’बद्दल विचारा. शिक्षकांना ती ठाऊक नसेल तर नोटेशन मी पाठवीन.

समितीने या पत्राचे उत्तर लेखी द्यावे, होकार असो वा नकार. नकार असेल तर ‘स्मृतिदिनालाच योग्य’ हे वाक्य ज्या सदस्यांना मान्य आहे त्यांनी ते उघडपणे मांडावे. मी ऐकायला येईन.

आपली नम्र,
वर्गणीदार आणि दुसऱ्या व्हायोलिनच्या मागच्या रांगेतली एक वादक